मेंढ्यांसाठी माळा, म्हशींसाठी उंची

श्री. मोरेश्वर पाळंदे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या दवाखान्यात झाली. मी जनावरांची डॉक्टर. कल्याणला पारनाक्याजवळ माझा दवाखाना होता. संध्याकाळी बाकावर कुत्री, मांजरे, क्वचित एखादा पोपट आणि त्यांची माणसे अशी गर्दी असे. त्या दिवशी त्यांच्यात एक गृहस्थ एकटेच बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने आणि मांडीवर गुंडाळी केलेला मोठा कागद. माझ्या कंपाउंडरने त्यांना विचारले, "काका, पेशंट कुठंय?" ते म्हणाले, "पेशंट नाही, प्रश्न आहे. नंबर आला की विचारतो." आणि खरोखरच नंबर येईपर्यंत ते बसून राहिले. शेजारच्या अल्सेशियनने त्यांचा बूट नीट तपासून घेतला, तेवढा वेळ त्यांनी पाय हलवला नाही.

आत आल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता : "मेंढी घसरते तेव्हा आधी पुढचा पाय जातो की मागचा?" मी बरीच वर्षे प्रॅक्टिस केलेली होती, पण हा प्रश्न मला ना परीक्षेत कुणी विचारला होता, ना दवाखान्यात. मी म्हटले, "कशावर उभी आहे त्यावर अवलंबून आहे." ते म्हणाले, "तेच ठरवायचंय." मग त्यांनी टेबलावरचे कापसाचे बोळे बाजूला सारून गुंडाळी उलगडली. कागदावर रेल्वेच्या वाघिणीचा आराखडा होता आणि आराखड्यात पाय लावलेल्या उश्या उभ्या होत्या. त्या मेंढ्या आहेत, हे त्यांनी सांगितल्यावर मला कळले.

या गौरवग्रंथाच्या समितीने मला पाळंदेसाहेबांच्या कार्याविषयी लिहायला सांगितले आहे. शक्यतो प्रेरणादायी लिहावे, अशीही सूचना आहे. ती कितपत पाळली जाईल ठाऊक नाही, पण कार्य काय होते ते मात्र आधी सांगायला हवे, कारण डोंबिवलीत साहेबांच्या शेजाऱ्यांनाही ते धड माहीत नाही. वर्तकनगरच्या पुढे वाघिणी बांधणारा एक कारखाना होता, तिथे साहेब डिझाइन विभागात होते. गुजरात-राजस्थानाकडून इकडे मेंढ्या-बकऱ्या येतात. आपल्याकडच्या तबेल्यांमधल्या आटलेल्या म्हशी पुन्हा विण्यासाठी तिकडे गावाला पाठवायच्या असतात. मेंढी बुटकी असते. तिच्यासाठी वाघिणीत मधे आणखी एक मजला घातला, तर दुप्पट मेंढ्या बसतात. म्हैस उंच असते, तिला पूर्ण वाघीण लागते. तेव्हा येताना मजला घातलेला आणि जाताना काढलेला, अशी एकच वाघीण हवी. या मजल्याला कागदोपत्री मोठे इंग्रजी नाव होते. कारखान्याच्या यार्डात सगळे त्याला माळा म्हणत, आणि पुढे साहेबही तेच म्हणू लागले.

हे ऐकायला सोपे वाटते, मलाही वाटले होते. साहेबांना ते कधीच सोपे वाटले नाही. माळा बसवणे हा भाग त्यांना किरकोळ वाटे, त्यांची सगळी काळजी तो निघण्याविषयी होती. निघाला नाही, तर म्हशींना डोके खाली घालून पाठ वाकवून सबंध प्रवास करावा लागणार. "म्हैस उतरते तेव्हा पाय टाकता येत नाही तिला," मी त्यांना सांगितले होते. "काही तर उठतच नाहीत." त्यावर त्यांनी कागदावरच्या एका उशीशेजारी मोठी उशी काढली आणि तिला शिंगे लावली.

हे वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरले, हे मी पुढे एकदा विचारले. एका दुपारी शीळफाट्याला कंपनीची जीप कोंडीत अडकली होती आणि शेजारी बकऱ्यांचा ट्रक उभा होता. ट्रकमध्ये फळ्या टाकून वरखाली बकऱ्या भरल्या होत्या. "वरच्यांचं सगळं खालच्यांच्या अंगावर पडत होतं," साहेब म्हणाले. "आणि खालच्यांना वर बघता येत नव्हतं." बसचा नंबर सांगावा इतक्या कोरड्या आवाजात त्यांनी हे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांकडे जाऊन हे काम मागून घेतले. आधी ते कुणालाच नको होते.

अशा रीतीने मी त्या कामात सल्लागार म्हणून शिरले आणि साहेबांशी भांडू लागले. भांडण एकतर्फी असे. साहेब आवाज चढवत नसत आणि जागचे हलतही नसत. मी हवेसाठी मोठ्या फटी मागाव्यात, त्यांनी फटीत मेंढीचा खूर अडकेल म्हणावे. शेवटी फट किती ठेवायची हे ठरवायला ते एका रविवारी माझ्याबरोबर खडवलीला आले. तिथे एका मेंढपाळ कुटुंबाचा कळप माझ्याकडे उपचाराला असे. साहेबांनी वेगवेगळ्या फटींच्या फळ्या बरोबर आणल्या होत्या. त्या जमिनीवर मांडून त्यांनी मेंढ्या त्यांवरून चालवल्या आणि स्वतः उन्हात ओणवे होऊन खूर बघत राहिले. घरातली म्हातारी मला हळूच म्हणाली, "बाई, ह्यांचं काय हरवलंय?"

कोणताही आराखडा सहीला आला की तो करणाऱ्या माणसाला माळ्याखालून रांगत जावे लागे, अशी त्यांच्या विभागात पद्धत होती. मेंढीच्या उंचीवरून काय दिसते, काय टोचते, कुठे ठिबकते, ते बघून यायचे आणि मग सही मागायची. तरुण इंजिनिअर मागे चेष्टा करत, पण रांगत सगळेच. या रांगण्यातून माळ्याला उतार आला, कडेने पन्हाळ आली, आणि वरच्यांचे मूत्र बाहेरच्या बाहेर जाऊ लागले. शीळफाट्याच्या ट्रकमधली गोष्ट त्यांनी सगळ्यात आधी मिटवली.

त्यांच्या चांगुलपणाचा एक अनुभव इथेच सांगते. त्या यार्डात मी एकटी बाई. गमबूट, जुने कपडे चढवायला जागा नव्हती, आणि मी ते कुणाला सांगितलेही नव्हते. एका सोमवारी गेले, तर नमुने ठेवायची खोली रिकामी करून झाडलेली होती. आत खुंट्या, आरसा आणि दाराला आतून नवीन कडी. साहेबांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. कडी त्यांनी स्वतः तयार केली होती, हे यार्डाचे फोरमन मोकल यांनी मला सांगितले. ती इतकी भक्कम होती की पहिल्या दिवशी मी आत अडकले आणि मोकलांना खिडकीतून सूचना द्याव्या लागल्या. पुढच्या आठवड्यात कडी बदललेली होती, तीही न बोलता.

आता चाचणीविषयी. माळा तयार झाला. कारखान्यात तो कितीतरी वेळा बसवून काढून झाला होता. कडेच्या लोखंडी ब्रॅकेटवर पत्र्याचे तुकडे टेकवायचे, भोकांतून जाड पिना घालायच्या, काढताना पिना ओढून तुकडे बाहेर द्यायचे. माणसे सरावली होती. मग ठरले की मेंढ्या भरून खरी फेरी करायची, कल्याणच्या यार्डात मेंढ्या उतरवायच्या, तिथेच माळा काढायचा आणि म्हशी चढवायच्या. हे बघायला रेल्वेचे मोठे अधिकारी येणार होते. ते पसंत म्हणाले, की माळा असंख्य वाघिणींत बसणार होता.

आपल्याकडे मोठे अधिकारी येणार म्हटले की रंग निघतो. झाडांच्या बुंध्यांना गेरू, कडेच्या दगडांना चुना, आणि जे जे म्हणून लोखंड दिसेल त्याला ऑइलपेंट. कारखान्यात हा जणू धर्मच होता, आणि साहेबही त्याच धर्मातले. वाघीण मेंढ्या आणायला निघण्यापूर्वी त्यांनी मोकलांना सांगितले, "माळ्याला आणखी एक हात मारून घ्या. आणि पिना बसवूनच रंगवा, हरवायला नकोत." मोकलांनी तसे केले. रंग सुरेख बसला, भोकांतही बसला आणि तिथे वाळला. माळा काढण्याचा सराव ज्यांनी इतक्या वेळा केला, त्यांच्यापैकी एकालाही रंगानंतर तो पुन्हा काढून बघावासा वाटला नाही.

कल्याणच्या यार्डात मेंढ्या उतरल्या तेव्हा सगळे खुश होते. एकही जनावर लंगडत नव्हते, खालच्यांची लोकर कोरडी होती. मी स्वतः हात लावून पाहिले. धक्क्यावर म्हशी आणून उभ्या केल्या होत्या. ऊन चढले होते. हमाल आत गेले आणि पिना ओढू लागले. थोड्या वेळाने मोकल आत गेले, त्यांच्या मागोमाग साहेब गेले. हातोड्याचे आवाज येऊ लागले. मग मोकल दारात आले आणि म्हणाले, "साहेब, ह्या पिना काय निघत नाय. रंग धरलाय आतमंदी, वर मेंढरांचं मूत पिऊन पार दगड झालाय."

धक्क्यावर चुळबुळ सुरू झाली. म्हशी तोंडातून फेस गाळत होत्या. तबेल्याचा मालक दोनदा येऊन विचारून गेला. शेवटी कारखान्याचे मॅनेजर साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "अहो पाळंदे, माळ्याखाली घाला म्हशी. एका फेरीचा तर प्रश्न आहे. राहतील वाकून. फोटो होऊन जाऊ दे." मी शेजारीच होते. मी म्हटले, वाकवून एकही म्हैस मी चढवू देणार नाही. मॅनेजरांनी माझ्याकडे लक्षच दिले नाही, ते साहेबांकडे बघत होते. आलेले अधिकारी समजूतदार होते. त्यांच्यातले ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "आम्ही चहा घेऊन येतो. तोवर गॅस कटर मागवा आणि कापून काढा. नवीन गोष्टीत असं होतंच."

सुटायची वाट आयती समोर आली होती. साहेबांच्या हाताला रंगाचे पोपडे लागले होते, ते त्यांनी रुमालाने पुसले. म्हणाले, "कापून काढलेल्याला काढता येणारा कसं म्हणायचं? आज तुम्ही सगळे उभे आहात म्हणून कटर येईल. उद्या इथे फक्त हमाल असतील. माळा निघत नाही म्हटल्यावर ते म्हशी वाकवून भरतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल. चाचणी नापास समजावी. रंग मी मारायला सांगितला होता, पिना बसवून रंगवा हेही मीच सांगितलं होतं. मोकलांची चूक नाही."

मॅनेजर त्यांना सर्वांदेखत म्हणाले, "पाळंदे, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतलीत." साहेब म्हणाले, "हो," आणि तबेल्याच्या मालकाची माफी मागायला गेले.

परतताना जीपमध्ये मी त्यांच्यावर बरीच डाफरले. तुम्हा इंजिनिअर लोकांना स्वच्छ, कोरडी, नवी कोरी जनावरेच हवीत, असे काहीतरी बोलले. ते म्हणाले, "खरं आहे." राग रंगाचा होता आणि तो रास्त होता. पण त्याच्याखाली मला त्या माणसाविषयी जो आदर वाटला, तसा मी आयुष्यात फार थोड्या लोकांविषयी अनुभवला आहे.

माळ्याचे काम बंद झाले. बनवलेला माळा भंगारात गेला. त्यानंतर विभागप्रमुखाची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि निवृत्त होईपर्यंत साहेब कोळशाच्या वाघिणींच्या दारांचे आराखडे काढत राहिले. ती दारे उत्तम होती, असे म्हणतात. मला कोळशातले कळत नाही. याविषयी तक्रारीचा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. त्यांच्या पत्नी सुलभावहिनींनी मात्र एकदा सांगितले, "ह्यांना राग येत नाही असं नाही हो. येतो. पण तो बाहेर न पडता पोटात जातो, आणि मग ह्यांना अ‍ॅसिडिटी होते."

साहेब निवृत्त झाले आणि डोंबिवलीच्या घरातल्या गॅलरीत पुन्हा माळा उभा राहू लागला. आधी प्लायवुडचा, मग पत्र्याचा. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "तुळशीला जागा नाही आमच्या गॅलरीत, पण म्हशीच्या डब्याला आहे." एक दिवस साहेबांचा फोन आला, "डॉक्टर, मेंढीचं मूत्र मिळेल का? जरा जास्त लागेल." मी खडवलीहून कॅन भरून नेऊन दिला. ही आता त्यांची पद्धतच होऊन बसली होती. कोणतीही कडी, बिजागरी आधी शेण, माती, मूत्र यांत मुरवायची, उन्हात वाळवायची आणि मग ती उघडते का ते बघायचे. स्वच्छ वस्तूची चाचणी त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही. सोसायटीचे चेअरमन वास घेत घेत वर आले आणि म्हणाले, "पाळंदेकाका, ड्रेनेज लीक होतंय का कुठे?" साहेब खोटे बोलू शकत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे. ते म्हणाले, "नाही, प्रयोग चाललाय." पुढच्या आठवड्यात प्रयोग खडवलीला हलवावा लागला.

तिथे, मेंढपाळांच्या वाड्याशेजारच्या शेडमध्ये, नवा माळा तयार झाला. यात पिना नाहीत. घाण बसेल असे भोकच ठेवायचे नाही, हे त्यांनी ठरवून टाकले होते. माळ्याचे तुकडे वाघिणीच्या बाजूंना बिजागरीने जोडलेले असतात. साखळी ओढली की वर जाऊन छताला टेकतात आणि स्वतःच्या वजनाने आकड्यात बसतात. वाघिणीतून काहीच बाहेर काढावे लागत नाही, त्यामुळे माळा एका स्टेशनात आणि वाघीण दुसऱ्यात, असेही होत नाही. साहेबांच्या हाताखाली शिकलेला निलेश नावाचा इंजिनिअर अंबरनाथला स्वतःचे वर्कशॉप चालवतो. त्याला जनावरांच्या वाघिणी आतून तयार करून द्यायचे काम मिळाले, तेव्हा तो गुरूकडे आला. साहेबांनी त्याला आधी माळ्याखालून रांगायला लावले.

गेल्या हिवाळ्यात पहिली वाघीण मेंढ्या घेऊन कल्याणच्या यार्डात आली. अधिकारी वगैरे कुणी नव्हते. साहेब काठी घेऊन आले होते, वहिनींनी त्यांच्या सोबतीला मला धाडले होते. निलेशने हार आणि नारळ आणला होता, आणि म्हशी येण्याआधी वाघीण धुवून घ्यायची त्याची इच्छा होती. साहेब म्हणाले, "नारळ फोडा. धुवायचं काही नाही." हमालांना माळा कसा उचलायचा ते आधी दाखवलेले होते. साहेबांची अट अशी की आज त्यांना कुणी काही सांगायचे नाही, माळा उचला असेसुद्धा नाही. निलेश कासावीस झाला. म्हणाला, "सर, आणि नाही उचलला तर?" साहेब म्हणाले, "तर नापास."

मेंढ्या उतरल्या. माळा लेंड्यांनी आणि मुताने बरबटला होता. हमालांनी चहा घेतला, तंबाखू मळली. मग एकाने पहिल्या म्हशीचे दावे धरले आणि तो तिला घेऊन फळीवरून चालू लागला. माळा तसाच खाली होता. निलेशने माझा दंड धरला. साहेब दाराच्या बाजूला काठी टेकून उभे होते. मलाच ओरडून सांगावेसे वाटत होते. फळीच्या टोकाशी आल्यावर तो हमाल थांबला आणि आतल्या सोबत्याला म्हणाला, "अरे, माळा घे की वर. शिंगं अडकली की बोंबलत बसशील." आतल्याने एका हाताने साखळी ओढली. लेंड्यांचा सडा पडला, माळा वर गेला आणि आकड्यात बसला. मग तो दुसऱ्या बाजूच्या साखळीकडे आला. साहेब नेमके तिथेच उभे होते. तो म्हणाला, "ओ आजोबा, बाजूला व्हा जरा. माळा वर जातोय."

साहेब बाजूला झाले.

म्हैस आत गेली, वळली आणि डोके वर करून उभी राहिली. शिंगांच्या वर मोकळी जागा होती. तिच्यामागून दुसरी गेली, तिसरी गेली. मला इतका आनंद झाला की निलेशसमोर डोळे पुसावे लागले. साहेबांना काय वाटले ते त्यांनी सांगितले नाही. फक्त, परत निघताना निलेशला काहीतरी सुधारणा सुचवायची त्यांची सवय आहे, ती त्या दिवशी ते विसरले.

अशा ग्रंथात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. जनावरांच्या डॉक्टरचे अभीष्टचिंतन माणसाला कितपत लागू पडते, ठाऊक नाही. साहेबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी ते वहिनींनी डोळे वटारल्यावरच घेतात, बाकी प्रकृती ठणठणीत आहे. माळा आता दर फेरीला वरखाली होतो, आणि तो कुणी केला हे यार्डात कुणाला माहीत नाही. अजून पुष्कळ वर्षे साहेबांना तिथे जाता यावे, कुणीतरी त्यांना असेच बाजूला व्हायला सांगावे, आणि स्वतःच्या पायांनी त्यांना बाजूला होता यावे.